भानमापकाची तोंडी परीक्षा

अमरावतीच्या संमती कार्यालयात सकाळी साडेदहाला म्हाताऱ्यांची रांग लागते आणि त्यातले निम्मे जण ही रांग कसली, हे उरलेल्या निम्म्यांना विचारत असतात. मुकुंदराव डहाके कोणाला काही विचारत नव्हते. ते तयारी करून आले होते.

तयारी करून घेतली होती त्यांच्या बायकोनं, कुमुदिनीबाईंनी. त्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका. चौतीस वर्षांत त्यांच्या वर्गातलं एकही पोर शिष्यवृत्ती परीक्षेत पडलं नव्हतं. नवऱ्याला स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी त्या तासभर रडल्या, आणि मग जाऊन दोनशे पानी वही घेऊन आल्या.

नियम साधा होता. पुढे आपले निर्णय कोणी घ्यायचे, हे अशा माणसानं भान आहे तोवर लिहून द्यायचं. त्या वेळी कानामागे भानमापक लावायचा. काकडीच्या चकतीएवढं ते यंत्र मेंदूच्या लहरींवरून माणसाला स्वतःबद्दल कितपत कळतंय, याचे शंभरपैकी गुण देई. साठ मिळाले की सही ग्राह्य. नाहीतर निर्णय सरकारी संगणकाचा, आणि तो सगळ्यांना सरसकट नागपूरच्या स्मृतिसदनात धाडी. मुकुंदरावांना घरी बायकोजवळ राहायचं होतं. संधी एकच होती.

"आज वार कोणता, काका?" त्यांच्या कानामागे यंत्र लावून टेबलापलीकडच्या शिंगणे मॅडमनी विचारलं.

"गुरुवार. तारीख नऊ. शंभरातून सात-सात वजा करत जाऊ?"

"नको."

"उलटे महिने?"

"नको हो काका. एवढंच सांगा, तुम्हाला विसरायला होतं का?"

बाकावर बसलेल्या कुमुदिनीबाई खुलल्या. हा प्रश्न येणार, हे त्यांनी ओळखलं होतं. वहीत त्याला तीन चांदण्या होत्या. तीन आठवडे त्या रोज सकाळी तो विचारत. सुरुवातीला मुकुंदराव म्हणत, "होतं गं. फार होतं. भीती वाटते." त्यावर बाई म्हणत, "चूक. पुन्हा."

"मुळीच नाही!" मुकुंदराव खणखणीत म्हणाले.

पडद्यावरचा आकडा घसरत घसरत एकतीसवर थांबला.

"काकू," शिंगणे मॅडम हळूच म्हणाल्या, "वार चुकला असता तरी चाललं असतं. हे यंत्र स्मरणशक्ती मोजत नाही. आपल्याला विसरायला होतं, हे ज्याला कळतं तो पास."

"मग ते खोटं बोलले, हेही कळेलच की त्याला!"

"खोटं बोलले असते तर कळलं असतं. त्यांना ते खरं वाटतंय."

कुमुदिनीबाईंनी वही मिटली.

"दहा मिनिटं देते. बोला त्यांच्याशी."

कुमुदिनीबाईंनी खुर्ची ओढली. "अहो, मागच्या महिन्यात भाजी आणायला गेलात आणि बडनेऱ्याला सापडलात. आठवतं?"

"बडनेऱ्याला? भाजीसाठी? मी काय वेडा आहे?"

"परवा दूध गॅसवर ठेवून अंघोळीला गेलात."

"ते तू ठेवलं असशील."

"तुम्हीच म्हणायचात ना, मला विसरायला होतं, भीती वाटते?"

"आता नाही वाटत." मुकुंदरावांनी तिचा हात थोपटला. "तू चांगलं शिकवलंस, कुमुद."

बाईंनी पदर तोंडाला लावला. चौतीस वर्षांत शिकवलेलं विसरायला लावायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, आणि ते करायचं कसं, हे कुठल्याच प्रशिक्षणात नव्हतं.

मुकुंदरावांनी तिच्याकडे बघितलं. मग टेबलावर वाकून, तिला ऐकू जाऊ नये इतक्या हळू, ते म्हणाले, "मॅडम, अलीकडे हिचं असंच होतं. न घडलेलं आठवतं तिला. नागपूरला पाठवतात म्हणे अशांना. तसं काही करू नका. घरी मी आहे ना, मी बघेन तिच्याकडे."

पडद्यावर एकतीसच होते.

मुकुंदरावांनी पेनचं टोपण काढलं.

"हिच्या वतीनं सही कुठे करायची?"