‘पण’च्या पुढे

“म्हाताऱ्यानं छत्री मुद्दामच ठेवली! विसरला कसला? त्याला परत यायचं होतं तिथं!”

मी पुस्तकाशी भांडत होते. तेही मोठ्यानं, दुकानात गिऱ्हाईक नाही असं समजून. उताऱ्यातला म्हातारा बाकावर छत्री ठेवून गाडीत बसतो, गाडी निघते, उतारा संपतो. खाली प्रश्न : छत्री बाकावर का राहिली? माझं उत्तर ‘क’ – त्याला परत यायचं होतं. पुस्तकाचं उत्तर ‘ड’ – उताऱ्यावरून सांगता येत नाही. हे काय उत्तर झालं?

“असं उताऱ्यात कुठं लिहिलंय?”

मी दचकून वर पाहिलं. काउंटरपलीकडे एक जण उभा होता. एका हातात चष्मा, दुसऱ्या हातात त्या चष्म्याची निखळलेली काडी. डोळे बारीक केलेले, कारण चष्म्याशिवाय त्याला मी म्हणजे एक धूसर ठिपका दिसत असणार. तरी हसत होता.

“लिहिलं नाहीये, पण कळतं की,” मी म्हणाले.

“तुम्हाला कळतं. उताऱ्याला कळत नाही. परीक्षेत उताऱ्याचं ऐकायचं असतं.”

आला मोठा शहाणा! मी मान खाली घालून चष्मा घेतला आणि बारीक स्क्रू शोधायला लागले. कारण त्यानं नेमकं माझ्या दुखण्यावरच बोट ठेवलं होतं.

आमचं चष्म्यांचं दुकान. बाबा फ्रेमा विकतात, मी काचा बसवते आणि काड्या सरळ करते. डोळे तपासायला मात्र बाहेरून एक बाई येतात, त्याही आठवड्यातून दोनदा. मला ते शिकायचं होतं. समोरच्या माणसाला जग नेमकं कसं दिसतं, याचं मला लहानपणापासून कुतूहल. त्या शिक्षणाचं कॉलेज दुसऱ्या शहरात आणि तिथं जायचं तर प्रवेश परीक्षा. विज्ञानात मी पक्की होते, गणितातही बरी. आकलनाच्या उताऱ्यांत मात्र सपशेल आपटायचे. उतारा वाचायला घेतला की मी त्यात राहायलाच जायचे. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला नंबर लागत होता, मला तेवढा कॉलेजात नंबर लागत नव्हता. वयाच्या अटीमुळे ही शेवटची संधी होती. बाबांनी सांगून टाकलं होतं, “या वेळी नाही झालं, तर गुपचूप काउंटर सांभाळायचा.”

स्क्रू बसला. चष्मा त्याच्या डोळ्यांवर चढवून मी कानामागे काडी बोटानं चाचपली. सगळ्यांचीच चाचपते. पण याच्या कानाच्या पाळ्या चक्क लाल झाल्या.

“तुम्हाला उताऱ्यांचं एवढं कसं माहीत?” मी विचारलं.

“तो म्हातारा माझा आहे.”

“म्हणजे... वडील?”

“नाही हो! तो उतारा मी लिहिलाय.” त्यानं खिडकीतून समोरच्या इमारतीकडे बोट दाखवलं. “त्या सराव-पुस्तकांच्या कचेरीत. उतारा, खाली प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. त्यातले तीन फसवे.”

“म्हणजे लोकांना फसवायचा पगार मिळतो तुम्हाला!”

“वेळेवर मिळतो.”

“मग सांगा – म्हातारा परत आला का?”

त्यानं चष्मा सावरला. मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू चष्मा आत्ता कुठं नीट बसला होता. “इतकी मुलं वाचतात हे उतारे... पुढं काय झालं, हे आजवर कोणी विचारलं नाही.”

तिथंच आमचा सौदा ठरला. कचेरी सुटली की त्यानं मला उतारे सोडवायला शिकवायचं आणि मी बरोबर उत्तर दिलं की त्या उताऱ्याच्या पुढं काय झालं ते त्यानं सांगायचं. बाबांना दाखवायला निमित्त हवं म्हणून तो रोज चष्मा पुढं करायचा. बाबा मला म्हणाले, “या माणसाचा स्क्रू रोज कसा काय ढिला होतो गं?” मी पुस्तकात तोंड खुपसलं.

उतारेवाले – मी त्याला तेच म्हणायचे – शिकवायचे मात्र मन लावून. आधी प्रश्न वाचा, मग उतारा, म्हणजे काय शोधायचंय ते डोळ्यांना माहीत असतं. पर्यायात ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सगळे’ असे शब्द दिसले की सावध.

“का?”

“खरं बोलणारा माणूस सहसा इतकं ठाम बोलत नाही.”

“तुम्ही नेहमी असंच तोलून मापून बोलता?”

“नेहमी नाही,” तो म्हणाला, “अधूनमधून.”

आणि मग त्याचा लाडका नियम. “‘पण’ दिसला की पेन्सिलीनं गोल करा. ‘पण’च्या आधी असते ती सजावट. लेखकाला जे सांगायचंय ते ‘पण’च्या नंतर.”

हा नियम मी बाबांवर चालवून पाहिला. “तू हुशार आहेस, पण पसारा किती करतेस!” – तंतोतंत लागू पडला.

हळूहळू उत्तरं बरोबर यायला लागली. मग मला कळायचं, की विहिरीत पडलेली घंटा कोणाला सापडली आणि पत्ता चुकलेला पोस्टमन कोणाच्या दारात जाऊन उभा राहिला. फक्त छत्रीवाल्या म्हाताऱ्याचं विचारलं की तो म्हणायचा, “ते अजून ठरलं नाही.” एकदा मी त्याला अक्षरांच्या तक्त्यासमोर बसवलं आणि चष्मा काढून घेतला.

“शेवटची ओळ वाचा.”

“दिसत नाही.”

“अंदाजानं सांगा.”

“उताऱ्यात नसलेलं मी बोलत नाही.”

“कधीच?”

तो डोळे बारीक करून तक्त्याकडेच बघत राहिला. त्याला मी दिसत नव्हते, म्हणून मी त्याच्याकडे पोटभर पाहून घेतलं. मला तो आवडायला लागला होता... खूप. आणि त्यालाही? उताऱ्यावरून सांगता येत नव्हतं.

परीक्षा तोंडावर आली. एका संध्याकाळी बाबा बाहेर गेले होते. मी शेवटचा सराव-पेपर तपासत होते. सगळी उत्तरं बरोबर! मी आनंदानं वर पाहिलं, तर तो पेपराकडे पाहतच नव्हता.

“तू मला आवडतेस,” तो म्हणाला, “पण...”

‘तू’! पहिल्यांदाच ‘तू’! आणि पाठोपाठ तो ‘पण’ आला. माझ्या मनातल्या पेन्सिलीनं त्याच्याभोवती आपोआप गोल काढला.

“कळलं,” मी म्हणाले. “पुढचं नको.”

“अगं, ऐक तरी –”

“तुम्हीच शिकवलंत ना? आधीची सजावट, नंतरचं खरं. ते खरं मला नाही ऐकायचं.”

त्याचा चष्मा त्याच्या हातात दिला आणि मी आतल्या खोलीत निघून गेले. खूप रडले. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा मी बाबांना पुढं केलं. बाबांनी त्याचा स्क्रू असा काही आवळला की पुन्हा ढिला व्हायची सोयच उरली नाही.

परीक्षेत उतारा आला एका जुन्या पुलाचा. पूल सुंदर होता, लोकांचा लाडका होता, पण तो पाडायचा निर्णय झाला. ‘पण’ दिसताच मी गोल केला आणि उत्तराकडे धावले. ‘पूल पाडण्यात आला.’ पेन्सिल टेकणार, तेवढ्यात माझी जुनी खोड जागी झाली – पुढं काय झालं? म्हणून राहिलेल्या ओळी वाचल्या. पाडायला आलेल्या कामगारांनीच पूल तपासला, तो भक्कम निघाला आणि त्यांनी तो दुरुस्त करून दिला.

माझा हात थांबला. कोण कुठला पूल, कुठला पोस्टमन, मी सगळ्यांचं पुढचं विचारलं. आणि ज्याचं ऐकायला जीव टाकत होते, त्याचं वाक्य मीच अर्ध्यावर तोडलं! असं वाटलं, पेपर टाकावा आणि पळत सुटावं. पण सौद्याप्रमाणे बरोबर उत्तरांशिवाय तो पुढचं काही सांगणारच नाही, हे मला पक्कं माहीत होतं. मी डोळे पुसले आणि पेपर पूर्ण केला.

तिथून तडक त्याच्या कचेरीत. कागदांच्या ढिगामागून तो उठून उभा राहिला.

“पेपर कसा गेला?”

“चांगला. ‘पण’च्या पुढं काय होतं?”

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. “पण... तू पास झालीस की जाशील. आणि तू पास व्हावंस असं मला मनापासून वाटतं. तुला थांबायला सांगत नव्हतो. नुसतं सांगायचं होतं.” मग हळूच म्हणाला, “वाक्य जरा लांब होतं. तुम्ही मध्येच तोडलंत.”

“‘तू’ म्हणा.”

“तू तोडलंस.”

“तुमचा नियम चुकीचा आहे,” मी म्हणाले. “या वाक्यात ‘पण’च्या आधीचंही खरं आहे आणि नंतरचंही. आणि मलाही तुम्ही आवडता. ‘पण’ वगैरे काही नाही.”

त्याच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या.

माझा नंबर लागला. बाबा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटले, “आमच्या पोरीला नंबर लागला!” एक आजी हळहळून म्हणाल्या, “अरेरे, एवढ्या लहान वयात? कितीचा?”

निघायच्या दिवशी स्टेशनवर बाबा पाण्याची बाटली आणायला गेले आणि आम्ही दोघं बाकावर बसलो. बॅग पायाशी ठेवली, छत्री शेजारी. गाडी आली. त्यानं बॅग चढवून दिली. मी खिडकीत बसले. बाबा बाटली देऊन डोळे पुसत बाजूला झाले. गाडी हलली, तसा तो एकदम बाकाकडे वळून ओरडला, “अगं, छत्री! छत्री विसरलीस!”

मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“असं उताऱ्यात कुठं लिहिलंय?”