पलीकडच्या घराशी सोयरीक

फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारी वजनकाटा खांद्याला अडकवून दुन्या रुझित्साच्या घराकडे निघाली, तेव्हा तिला काळजी होती ती फक्त उतारावरच्या बर्फाची. शहरातल्या दवाखान्यातर्फे ती गावोगाव फिरून बाळंतिणी आणि तान्ही बाळं तपासायची. प्रत्येक बाळाला पाच भेटी असा नियम होता. ही तिसरी भेट.

हे काम तिनं मागून घेतलं होतं. चार वर्षं नॉर्वेत शिकून ती तिमोकच्या खोऱ्यात परत आली, तेव्हा लोकांनी तिला वेड्यातच काढलं. सगळा सर्बिया तिकडं पळतोय आणि ही बया उलटी आली, असं तोंडावर म्हणायचे. दुन्या हसून सोडून द्यायची. तिच्या हद्दीतल्या चौदा गावांत मिळून वर्षाला दहा-अकरा बाळं जन्मायची. त्यातलं एकही, केवळ कुणी नीट सांगितलं नाही म्हणून, दगावता कामा नये, एवढं तिनं मनाशी धरलं होतं.

रुझित्साची मुलगी कालिना बारा दिवसांची होती. वजन तीन किलो चारशे, रंग गुलाबी, टाळू छान. बिघडली होती ती आईच. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केस विस्कटलेले. नवरा ऑस्ट्रियात ट्रक चालवायचा, घरात ती आणि सासू विदोसावा, दोघीच. कालिना दिवसभर झोपायची आणि रात्री अकराला जी रडायला लागायची ती चारपर्यंत. आदल्या रात्री खुर्चीत बसल्या बसल्या रुझित्साला डुलकी लागली आणि मूल मांडीवरून घसरलं. सासूनं वेळेवर धरलं म्हणून बरं.

दुन्यानं शांतपणे समजावलं. एवढ्याशा जिवाला दिवस-रात्र कळत नाही, त्याचं घड्याळ पोटात असतं. झोपेत ते तोंडं वेडीवाकडी करतं, कण्हतं, हसतं. लगेच उचलू नका, पुष्कळदा ते झोपेतच असतं. दिवसा पडदे उघडे ठेवा, बोला, भांडी वाजू देत. रात्री दिवा मंद, बोलणं बंद. उताणं झोपवा, उशी नको. अजून पाच-सहा आठवड्यांनी आपोआप बसेल सगळं. तिनं एक तक्ताही दिला, दर दिवसाला एक ओळ आणि ओळीत तासांची चोवीस घरं. बाळ झोपलेलं असेल तेवढी घरं निळ्या पेन्सिलीनं रंगवायची.

विदोसावानं कॉफीचा पेला पुढं ठेवला आणि तक्ता उलटसुलट करून पाहिला.

"पाच-सहा आठवडे," ती म्हणाली. "सिस्टरबाई, तोवर मला या सुनेला पुरायची वेळ येईल."

"आजी, दुसरा इलाज नाही. धीर धरायचा."

"धीर तुमच्या कागदाला असेल. त्याला काय, झोपायचं नाही की उठायचं नाही."

रुझित्सा हसली, बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखी. दुन्यानं दृष्ट लागू नये म्हणून नातीच्या उशाशी ठेवलेल्या लसणीच्या पाकळ्या उचलून म्हातारीच्या हातात दिल्या आणि निरोप घेतला.

शुक्रवारी ती पुन्हा आली तेव्हा दुपारचे साडेचार वाजले होते. दार रुझित्सानंच उघडलं. केस विंचरलेले, गालांवर रंग. तिनं दुन्याला मिठीच मारली. तुमचा उपाय लागू पडला, ती सांगत सुटली. बुधवारी रात्रीपासून पोर अशी झोपतेय की बस. मी काल सलग नऊ तास झोपले, सिस्टर. नऊ तास.

दुन्याला क्षणभर फार बरं वाटलं. इतकी वर्षं शिकल्याचं चीज झालं, असंही वाटून गेलं. मग टेबलावरच्या तक्त्यावर तिची नजर पडली. मंगळवारच्या ओळीत निळे-पांढरे तुकडे होते, जसे असायला हवेत तसे. बुधवारी संध्याकाळनंतर मात्र निळा रंग सुरू झाला होता तो थांबलाच नव्हता. गुरुवारची ओळ सबंध निळी. शुक्रवारची आत्तापर्यंतची निळी.

"दूध कधी प्यायली?"

रुझित्सा आठवू लागली. काल सकाळी थोडं. झोपेतच. मग… झोपलेल्या बाळाला उठवू नये म्हणतात ना?

लंगोट पहाटेपासून ओला झाला नव्हता. दुन्यानं कालिनाला काट्यावर ठेवलं. तीन किलो एकशे सत्तर. टाळू किंचित खोल गेली होती. ताप नव्हता, श्वास संथ, एकसारखा. आणि हेच तिला खटकलं. तान्ह्या बाळाची झोप अशी नसते. ते हात झटकतं, ओठ हलवतं, पापण्यांखाली डोळे फिरतात. कालिनाच्या चेहऱ्यावर काहीच हलत नव्हतं. बंद घरातलं सामान जसं जागच्या जागी असतं, तशी ती झोपली होती.

दुन्यानं तिला उघडं केलं, तळपायांना गुदगुल्या केल्या, ओल्या फडक्यानं कपाळ पुसलं, ओठांवर दुधाचा थेंब लावला. थेंब ओघळून हनुवटीवर आला. तिनं दवाखान्यात फोन लावला. गाडी निघते म्हणाले, पण घाटात बर्फ आहे, सव्वा तास धरा. दुन्यानं बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवलं, वर घोंगडी पांघरली आणि पायाला चोळत राहिली.

तेव्हा चुलीजवळ बसलेली विदोसावा बोलली.

तिनं बुधवारी झोप बदलून घेतली होती. तिच्या आईनं तसंच केलं होतं, आजीनंही. पोर रात्रीचं झोपत नसलं की तिन्हीसांजेला त्याला घेऊन उंबऱ्यात उभं राहायचं आणि ज्या घरात दिवा लागलाय, तान्हं मूल आहे, त्या घराकडे तोंड करून म्हणायचं: तुमच्या घरी मुलगा, आमच्या घरी मुलगी, चला सोयरीक करू, आमचं जागरण तुम्ही घ्या, तुमची झोप आम्हाला द्या. पूर्वी गावात घरोघरी मुलं होती. आता सात चुली पेटतात, सगळ्या म्हाताऱ्यांच्या. पण ओढ्यापलीकडे मोम्चिलोचं घर आहे. ते लोक व्हिएन्नाला असतात. माणसं चांगली आहेत. त्याच्या सुनेला जानेवारीत मुलगा झाला असं ऐकलं होतं. आणि गेले कित्येक दिवस तिथं रोज संध्याकाळी दिवा लागायचा. म्हणजे आलेच असणार.

दुन्याचा आवाज चढला. मूल उपाशी आहे आजी, मंत्रानं ते…

"ऐकून घे पोरी," म्हातारी म्हणाली. 'सिस्टरबाई' म्हणणं आता राहिलं नव्हतं. "मी परत द्यायला गेले होते. काल गेले, आज सकाळी गेले. आत पोर रडतंय. एकसारखं. दार वाजवून हात दुखले, पण उघडत कुणी नाही."

दुन्या चोळायची थांबली. मंत्रातंत्राशी तिला कर्तव्य नव्हतं. पण दोन दिवस रडणारं तान्हं बाळ तिच्या हद्दीत होतं आणि तिच्या यादीत नव्हतं. तिनं विदोसावाकडून नंबर घेऊन व्हिएन्नाला फोन लावला.

मोम्चिलो आधी हसला. नातू इथंच आहे, म्हणाला, आत्ता माझ्याच खांद्यावर ढेकर देतोय. घराला ऑगस्टपासून कुलूप आहे. दिवा? तो आपोआप लागतो, साडेपाचला लागतो आणि अकराला विझतो. जानेवारीत चुलतभावाकडून चोरांसाठी लावून घेतलाय. म्हातारीला सांगा, घाबरू नको, तिथं कुणीसुद्धा नाही.

हे ऐकल्यावर विदोसावानं छातीवर क्रूसाची खूण केली आणि ती भिंतीला टेकली. "मी रिकाम्या घराची झोप मागून आणली," ती म्हणाली.

गाडीला अजून पाऊण तास होता. घड्याळात पाच वाजून वीस मिनिटं झाली होती. रुझित्सा मुलीच्या डोक्यावर गाल टेकवून बसली होती. ती दुन्याला म्हणाली, "तिथं जा ना, सिस्टर. माझ्यासाठी जा."

दुन्या गेली. मी फक्त आत मूल आहे का ते बघायला जातेय, असं तिनं स्वतःला बजावलं होतं.

ओढ्यावरची फळी ओलांडली की समोर तीन मजले. फाटकावर सिमेंटचे दोन सिंह, डोक्यावर बर्फाच्या टोप्या. खिडक्यांच्या चौकटींवरचं कारखान्यातलं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. दारापर्यंत एकाच माणसाच्या पावलांच्या खुणा होत्या, जाताना आणि येताना, म्हातारीच्या बुटांच्या. दुन्या खिडकीशी उभी राहिली. ओढा गोठलेला, त्यामुळं पाण्याचाही आवाज नव्हता.

आत टिक झालं आणि दिवा लागला.

चादरी घातलेले सोफे. गुंडाळून उभा केलेला गालिचा. स्टुलावर दिवा, त्याची वायर भिंतीतल्या खटक्याला. बाकी खोली रिकामी. आणि त्या रिकाम्या खोलीतून रडणं ऐकू यायला लागलं.

दुन्यानं शेकडो बाळं रडताना ऐकली होती. पोट दुखतं तेव्हाचं रडणं वेगळं, झोप येते तेव्हाचं वेगळं. हे भुकेचं होतं. आखूड, खालच्या पट्टीतलं, मध्ये श्वास घेण्यापुरतं थांबणारं. दहा-बारा दिवसांचं मूल असं रडतं. खिडकीच्या फटीतून बंद घराचा, चुन्याचा वास यायला हवा होता. तिला वास आला तो कोमट दुधाचा.

ती पळाली नाही. नंतर कुणी विचारलं असतं तर तिला कारण सांगता आलं नसतं. तिनं काचेला तोंड लावून, लाजत, अडखळत म्हटलं, "तुमची झोप… तुम्हाला परत. आमचं जागरण आम्हाला द्या."

रडणं थांबलं नाही. ते खिडकीजवळ आलं.

काचेपलीकडे काही दिसत नव्हतं. आवाज मात्र आता अगदी तिच्या कमरेच्या उंचीवर होता, भिंतीच्या पलीकडे एका वितीवर. भुकेल्या मुलाकडे पाठ फिरवायची तिला सवयच नव्हती. तिच्या तोंडून आपोआप निघालं, "श्श… श्श… उगी. आहे ना मी. आहे इथं."

ती तसं किती वेळ म्हणत राहिली कुणास ठाऊक. हळूहळू रडण्यातली धार गेली. हुंदके राहिले. मग एक लांब सुस्कारा… आणि शांतता. त्याच क्षणी ओढ्याच्या अलीकडून, विदोसावाच्या घरातून, कालिनाची किंकाळी आली. चिडलेली, खणखणीत.

दुन्या पोहोचली तेव्हा मुलगी छातीला लागली होती आणि घटाघटा पीत होती. रुझित्साचे डोळे वाहत होते. गाडी आली, डॉक्टरनं बाळ उलटंपालटं करून बघितलं आणि एवढ्यासाठी मला घाटातून आणलंत का, असं विचारलं. तरी दोन दिवस ठेवून घेतलं. सगळं ठीक निघालं. पुढच्या गुरुवारपर्यंत वजन भरून निघालं. कालिना रात्री रडायची, दिवसा झोपायची, झोपेत तोंडं वेडीवाकडी करायची. रुझित्सा जांभया देत हसायची.

पाचव्या भेटीला विदोसावानं दुन्याला दारापर्यंत सोडलं आणि हळूच विचारलं, "तू झोप परत दिलीस. बरं केलंस. पण सोयरीक? ती मोडलीस का?"

दुन्यानं सोयरिकीचं काही म्हटलंच नव्हतं. तिनं तसं सांगितलं. म्हातारी एवढंच म्हणाली, सावकाश जा, रस्ता निसरडा आहे.

मोम्चिलोनं मार्चमध्ये चुलतभावाला सांगून वीज तोडून घेतली. दिवा लागायचा बंद झाला.

मेमध्ये दुन्या लस टोचायच्या तारखा सांगायला गावात आली. झाडं हिरवी झाली होती, ओढा भरून वाहत होता. फळीजवळून जाताना ती फोनवर दवाखान्यातल्या कुणाशी तरी मोठ्यानं बोलत होती. बोलणं संपलं आणि तिला हुंकार ऐकू आले. बाळ एकटंच स्वतःशी बोलतं तसे, लाडिक, लांबवलेले. कालिनाला अंगणात आणलंय वाटतं, म्हणून तिनं विदोसावाच्या घराकडे पाहिलं. अंगण रिकामं होतं. आवाज सिंहांच्या फाटकामागून येत होता.

फळी ओलांडून ती दाराशी गेली. कुलपावर कोळ्यानं जाळं विणलं होतं. भर दुपार, ऊन पाठीवर. तीन महिने, तिच्या मनानं नकळत वय मोजलं, फार तर साडेतीन. कालिनाएवढंच.

"कोण आहे?" तिनं हलकेच विचारलं.

हुंकार बंद झाले. या वयाला मुलं ओळखीचा आवाज ऐकला की हातपाय हलवायचं थांबतात आणि कान देऊन ऐकतात. हे ती स्वतःच आयांना शिकवायची.

दुन्यानं दाराला कान लावला. आत, दाराच्या अगदी खालच्या अंगाला, कुणीतरी खुदकन हसलं.