बत्तीजहाजाची घंटा

मले सांगाची हौस नाई. ऐकाचं असन तं दिव्याजवळ सरका, नाई तं घरी जा. माही नात मोनाली मागं लागली म्हणून हा कागद घेतला. चवथीपर्यंतचा हात, अक्षर वाकडंच येईन. "आबा, तुमी मेल्यावर कोण सांगन?" म्हणते. सुट्टीवर आलेली पोट्टी असं बोलते बुढ्याले! पण बोलाले ती जित्ती आहे, म्हणून ऐकून घेतो.

मागच्या पूस महिन्यातली, थंडीतली गोष्ट. मोनाली हैदराबादले दवाखान्यात नर्स आहे. ती ट्रॅव्हल्सनं येऊन राह्यली होती, सकाळी साडेसातले जाम गावच्या चौकात उतरणार होती. सामान लय, म्हणून मी नालवाडीहून पहिल्या एसटीनं तिले घ्याले गेलतो. बस, एवढंच काम.

उतरलो तं समोर काईच नाई. धुकं. दिवस निंघाला होता, पण उजेड असा, जसा दुधात कालवलेला. भज्याच्या तेलाचा वास येत होता, टपरी कुठं आहे ते दिसेना. ट्रक जाये तं नुसता आवाज जाये.

हैदराबादकडून येणाऱ्या रस्त्यावर एक लांब ट्रेलर बिघडून पडला होता. तोंड कडेले, बूड अर्धं रस्त्यावर. डायवर अंकुश चाकाखाली निजून खटपट करत होता. वर ताडपत्री, अन् तिच्या फटीतून लोखंडी पिंजरा दिसला. लाल रंगाचा, आत जाड काच. माहे पाय तिथंच थांबले. तो पिंजरा मी पंचवीस वर्सं पुसला होता.

तुमाले माहीत नसन, सांगतो. पूर्वेच्या समुद्रात एका ठिकाणी पाण्याखाली रेतीचा दांडा आहे. दीपगृह बांधाले जमीन नाई, म्हणून तिथं जहाजच नांगर टाकून उभं केलं होतं. पुस्तकात दीपनौका म्हणतात, आमी बत्तीजहाज म्हणत होतो. जाचं कुठंच नाई. वादळ येवो का काई येवो, जागा सोडाची नाई. सात जण आमी. दिवसा काच पुसा, गंज खरवडा, लाल रंग मारा. रात्री बत्ती सांभाळा. धुक्यात बत्ती दिसेना, तवा घंटा. दर मिनिटाले तीन ठोके, थांबा, मंग एक. पाळीपाळीनं, हातानं दोरी ओढून. बाकीचे त्या घंटेखालीच झोपत. लोकाइले घंटेनं जाग येते, आमाले घंटेनं झोप लागे. ती थांबली की सारेच दचकून उठत. आंगातच भिनलं होतं ते.

मले तिथं नेलं नाचणगावच्या बंडूजीनं. माह्याहून बारा वर्सानं मोठा. मले वर्धा नदीत पवता येत नव्हतं, अन् हा म्हणे, "प्रेमदास, पवाचं कायले? आपल्याले तं नुसतं उभं राहाचं आहे."

एका धुक्याच्या रात्री मले ताप होता. बाराले माही पाळी. बंडूजीनं मले उठवलंच नाई. त्याची वाजवली, मंग माही बी वाजवली. घंटा चालू, म्हणून मी गाढ. पहाटे ती थांबली तवा उठलो. बंडूजी दोरी धरून बसला होता. हात गार पडला होता त्याचा, मूठ सोडवता आली नाई.

पुढं जहाज रिटायर झालं. भंगारात जाणार होतं, पण काई भल्या माणसाइनं धडपड करून त्याची बत्ती अन् घंटा वाचवली. त्याइचे उपकार आहे माह्यावर. तेच सामान नागपूरच्या संग्रहालयात चाललं होतं. संगं प्रभाकरराव नावाचा साहेब होता.

"साहेब, बूड रस्त्यावर आहे. माही नात बसनं येऊन राह्यली. घंटा वाजवू द्या."

"आजोबा, दीडशे वर्षांची वस्तू आहे ती. हात लावायचा नाही."

"काका, मांगं फांदी टाकली ना मी," अंकुश चाकाखालून बोलला.

"मले तुहे पाय दिसत नाई, त्या बसले फांदी दिसन?"

"आणि वाजवणार कशानं?" साहेब म्हणाला. "आतला ठोके देणारा लोळा काढून पेटीत सील केलाय."

मी ताडपत्रीखाली हात घालून घंटेच्या आत चाचपलं. दात पडल्या तोंडावानी रिकामी.

मोनालीचा फोन बंद. मी टॉर्च घेऊन मांगं शंभर पावलं गेलो, गिट्टीच्या ढिगावर उभा राह्यलो अन् हात हालवू लागलो. टॉर्चचा उजेड मुठीच्या बाहेर निंघेना. एक ट्रक इतक्या जवळून गेला का धोतर फडफडलं.

मंग मांगून आवाज आला.

टण... टण... टण...

अन् थांबून, एक.

मी वळून पाहाले पाह्यजे होतं. पण आंगच ढिलं पडलं. पापण्या जड झाल्या. "नको," मी बोललो, "आता नको... पोरगी येऊन राह्यली... नको ना बापा..." नातीची बस येत असताना, त्या थंडीत, गिट्टीवर बसून मी झोपलो.

घंटा थांबली, अन् खाडकन डोळे उघडले.

रबर जळाल्याचा वास. पळत गेलो. बसच्या काचेत अन् ट्रेलरच्या बुडात एक हात जागा होती. एक्केचाळीस माणसं. मोनाली दारात उभी, डोळे चोळत. "आबा, चप्पल कुठं तुमची?"

मी तिचं डोकं धरून रडलो. सांगाले लाज नाई.

प्रभाकरराव वरडत आला. "घंटेला कोणी हात लावला? या म्हाताऱ्यानंच!" पेटी आणली. सील जसंच्या तसं. अंकुश म्हणाला, "साहेब, मी इथंच होतो. वर कोणी चढलं नाई."

बसचा डायवर पाण्याची बाटली घेऊन बसला होता. "घंटी सुनी तभी ब्रेक मारा," तो बोलला. "ऊपर दो बुड्ढे थे ना... एक बजा रहा था. दूसरा उसके पैर के पास सोया था." अन् त्यानं माह्याकडं बोट केलं. "यही था. यही मफलर."

शंभर पावलं दूर होतो मी.

तेव्हापासून दर पुनवेले नाचणगावले जातो, बंडूजीच्या घरी मेणबत्ती लावतो. त्याच्या सुनंनं, जयानं, कधी इचारलं नाई काऊन म्हणून. चहा देते.

परवा धुकं नव्हतं. लख्ख ऊन होतं. आंगणात बसल्या बसल्या मले तशीच झोप लागली, हातपाय ढिले पडून. मोनालीनं गदगदा हालवलं.

"आबा... कोणाची घंटा होती ती? मी बाहेर आली अन् ती थांबली."

बंडूजीचे उपकार मानतो, मरेपर्यंत मानीन. पण तीन डाव माही पाळी आली अन् तिन्ही डाव मले निजू देलं. हे बरोबर नाई. माणसाले त्याच्या पाळीले उठवाले पाह्यजे. आता चवथ्यांदा आला तं आधी उठवजो मले, अन् माफी माग. प्रभाकररावानं तं फोन करून मागितली. अजून मागितली नाई ती एकानंच, बंडूजीनं.