दोन मिनिटांनी वाजणारी घंटा

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. हे सगळं माझ्या मावशीवर गुदरलंय, आणि तिने ते मला रडत रडत सांगितलंय.

यात मध्यरात्र नाही, स्मशान नाही. भर दुपार आहे. तीन वाजून दहा मिनिटं.

मावशी एका शिशुगृहात आया होती. सतरा वर्षं. त्या इमारतीच्या मागच्या भिंतीत एक कोनाडा आहे, त्यात पाळणा. गल्लीच्या बाजूला छोटं दार. ज्या आईला बाळ सांभाळणं शक्य नाही, तिने दार उघडायचं, बाळ ठेवायचं, दार लोटायचं आणि निघून जायचं. लोटलेल्या दाराला आपोआप कुलूप लागतं. कुणी नाव विचारत नाही.

घंटा लगेच वाजत नाही. दोन मिनिटांनी वाजते.

ती दोन मिनिटं आईची. तेवढ्यात तिने गल्ली ओलांडायची. घंटा होईपर्यंत आतल्या कुणीही खिडकीशी जायचं नाही, हा तिथला पहिला नियम.

मावशी हाताची प्रेमळ. लेकरं तिच्या खांद्यावर क्षणात झोपायची. पण तोंडात तीळ भिजत नाही. आमच्या घरात कुणाचं लग्न मोडलं, तर ते मोडणाऱ्यांच्या आधी मावशीकडूनच कळायचं.

त्या दुपारी छोट्या दाराचा आवाज आला. खट्...

मावशी खिडकीशीच कपडे वाळत घालत होती. तिने पडदा बोटभर सरकवला.

गल्लीतून एक मुलगी भिंतीला धरून चालली होती. पायात पिवळ्या चपला. वळणावर तिने मागे पाहिलं.

इस्त्रीवाल्याची मुलगी. मावशीला रोज "मावशी, कपडे झाले हं" म्हणणारी.

संध्याकाळी मावशी शेजारच्या शिंपिणीकडे चहाला बसली. "तुला म्हणून सांगते," ती म्हणाली, "पुढे कुणाला सांगू नकोस."

शिंपिणीचं दुकान चौकात. दिवसाला तीस बायका मापं द्यायला येतात. तिसऱ्या दिवशी सगळ्या वस्तीला कळलं होतं, तेही तिखटमीठ लावून.

नवव्या दिवशी मुलगी खाणीच्या पाण्यात सापडली. एका पायात पिवळी चप्पल होती.

दुसरी सापडली नाही.

मावशीने तेव्हा मनाची समजूत घातली. मी काय ढकललं तिला? लोकांनी बोलायला नको होतं. असं ती मलाही म्हणाली होती, आणि खरं सांगतो, मला तिचा राग आला होता.

पुढे ते बाळ एका चांगल्या घरी दत्तक गेलं. सकाळी गेलं. त्याच दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी घंटा वाजली.

मावशीने कोनाड्याचं आतल्या बाजूचं दार उघडलं. पाळणा रिकामा...

दुसऱ्या दिवशी तीच वेळ. रिकामा. गादीला मात्र खळगा पडलेला. हात लावला, तर गादी ओली गार.

वायरमन आला. सगळं तपासून म्हणाला, "घंटा ठणठणीत आहे बाई. तुमच्या कानांचं वायरिंग बघून घ्या एकदा." मावशीच्या हट्टापायी त्याने तार काढून ठेवली.

तीन वाजून दहा मिनिटांनी घंटा वाजली.

आणि त्या दिवशी पाळण्यात काहीतरी होतं.

एक पिवळी चप्पल. पाणी निथळत होतं...

मावशीने ती जुन्या फडक्यात गुंडाळून कचऱ्यात टाकली. कुणाला म्हणून बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

त्याच महिन्यात तिची लेक, माझी ताई, बाळंत झाली. मुलगा. आराम मिळावा म्हणून मावशीने दोघांना आपल्याकडे आणलं. बाळ वीस दिवसांचं झालं, त्या दुपारी मावशी कामावर होती.

खट्...

दोन मिनिटं गेली. घंटा वाजली. मावशी जागची हलली नाही.

मग आतून बाळ रडलं. तो आवाज तिने लाखात ओळखला असता.

तिने दार उघडलं. पाळण्यात तिचा नातू होता. डोक्यावर तिनेच विणलेलं निळं टोपडं. दुपटं ओलंचिंब.

आणि गल्लीकडच्या दारापलीकडून, अगदी जवळून कुणीतरी म्हणालं,

"मावशी... आता सांगा ना, कुणाचं आहे ते?"

बाळाला छातीशी धरून मावशी घरापर्यंत धावली. घराला आतून कडी. दार बडवलं, तेव्हा ताई डोळे चोळत आली.

"आई? बाळ तुझ्याकडे कसं? आता तर माझ्या कुशीत होतं..."

तेवढ्यात शिंपीण मागोमाग धापा टाकत अंगणात आली. मावशीला बाजूला घेऊन कुजबुजली, "तुला म्हणून सांगते. मघाशी त्या गल्लीतून येत होते, तेव्हा तुझ्या लेकीला मी त्या पाळण्यात बाळ ठेवताना बघितलं. माझ्या या डोळ्यांनी."

"ती घरात झोपली होती गं!"

"चेहरा तिचाच होता. पण वेड्यासारखी चालली होती बघ. अंग ओलं. एका पायात पिवळी चप्पल, दुसरा पाय अनवाणी."



तिसऱ्या दिवशी सगळ्या वस्तीला कळलं होतं. ताईचा नवरा आला. मावशीने त्याच्यापुढे सगळं कबूल केलं. पडदा, चहा, खाण, चप्पल. ताई शपथा घेत होती.

"लेकीला वाचवायला मेलेल्या पोरीला मध्ये आणता?" तो म्हणाला. बाळ घेऊन गेला. ताईला तिथेच सोडून.

दोन वर्षं झाली. ताई त्याच घरात राहते, पण आईशी बोलत नाही. मावशीने नोकरी सोडली. तरी रोज दुपारी ती भिंतीकडे तोंड करून बसते.

मागच्या रविवारी मी तिच्याजवळ होतो. तीन वाजून आठ मिनिटांनी तिने माझा हात घट्ट धरला.

"खिडकीकडे बघू नकोस," ती म्हणाली.

मी बघितलं नाही. पण दोन मिनिटांनी... घंटा मीही ऐकली. शिशुगृह तिथून दीड मैलावर आहे.

माझ्या बायकोला सातवा महिना लागलाय. ही गोष्ट कुठेही बोलायची नाही, असं मावशीने मला बजावलं होतं. पण मनात ठेवून झोप येईना.

तुम्हाला म्हणून सांगितली. पुढे कुणाला सांगू नका.