गेमच्या कॅसेटवर भजन

"माह्या बापाचा गेम चोरला," दीपमाला बसायच्या आधीच म्हणाली. "अन् आज सायंकाळी त्याच गेमसाठी ऋत्विकचा सत्कार हाये."

चिखलीची खासगी डिटेक्टिव्ह मुबीना ऐकत होती. तिचा सोबती जीवन लगेच हळहळला. हळहळण्यात गडी पटाईत, विचाराच्या नावानं मात्र बोंब.

उंद्रीचे महादेवराव मास्तर मागच्या साली वारले. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी एक गेम रचला होता. तेव्हा गेम कॅसेटमध्ये भरून ठेवत आणि टेप लावून कॉम्प्युटरवर चढवत. त्यांचा विद्यार्थी ऋत्विक याने तोच गेम आता स्वतःच्या नावाने मोबाईलवर आणला होता. पुरावा काय तो कॅसेटचा, आणि तिच्यात तर भजन वाजत होतं.

"कोणाच्या हाती लागली होती?" मुबीनाने विचारलं.

"ऋत्विक भेटायले आला होता. अन् कॉम्प्युटर दुरुस्त करणारे आसिमभाई."

मुबीनाने कॅसेट निरखली. कडेचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडलेले होते. एका खाचेवर कोरी चिकटपट्टी होती.

आसिम दुकानात भेटला. "मी काऊन पुसू? सरच्या हाताखाली मीच गेम भरत होतो. टेपचा भरोसा नाही बाई, एकदा भरून भागत नाही."

ऋत्विक हसला. "आम्ही फक्त खेळत होतो. टेपवर मी गाणी भरत होतो, पण गेम भरतानी सर कॉम्प्युटरले हात लावू देत नव्हते. घरच्याच कोणी चुकून भजन भरलं असंन."

"पटते बाप्पा," जीवन म्हणाला.

दुपारी मुबीनाने सगळ्यांना दीपमालाच्या घरी बोलावलं.

"तुकडा मोडला की त्या बाजूवर काही भरता येत नाही. खाच झाकली तरच येते. चुकून कोणी चिकटपट्टी लावते काय?"

"मंग आसिमभाई," जीवनने ठोकून दिलं.

"त्यायनं दोन्ही खाचा झाकल्या असत्या. गेम भरणारा दोन्ही बाजूंनी भरते, एक बिघडली तं दुसरी. म्हणून मास्तरनं दोन्ही तुकडे मोडले. गाणी भरणाऱ्याले खाच झाकाची कळते, पण त्याले वाटलं गेम एकाच बाजूले हाये." ती ऋत्विककडे वळली.

आसिमने मास्तरांचा जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडला आणि कॅसेट उलटी लावली. बराच वेळ नुसती किरकिर. मग टीव्हीवर गेम उभा राहिला. खाली इंग्रजी अक्षरांत मास्तरांचं नाव होतं, आणि 'दीपूसाठी'. दीपमालाला रडू आवरेना.

"सर गेम बाहेर कोणाले देतच नव्हते," ऋत्विक पुटपुटला. "वाया गेला असता."

"मंग त्यायच्या नावानं आणाचा होता." तिने डोळे पुसले. "सत्काराले जाय तू. मीही येतो. तिथं हे तुह्या तोंडानं सांगजो."