ओहोटीच्या पंगतीला दोन पाहुणे

"आजोबा, या माशाचा कणाच मोडलाय!"

म्वानाइदीने सुरी खाली ठेवली. माशाच्या खवल्यांवर साधा ओरखडाही नव्हता, पण पोटात सगळं रक्त! असे चार मासे पाण्यावर तरंगताना सापडले होते.

कोंबो आजोबांनी मासा पाहिला आणि ते ताडकन उठले. "बॉम्ब टाकून मासे मारताहेत! हाफिदू कुठंय?"

"दादा तर खडकात ऑक्टोपस शोधायला बुडी मा—"

धडाम! बेटाच्या कडेला पाण्याचा खांब उसळला.

म्वानाइदी आणि धाकटा शोमारी धावत सुटले. हाफिदू पालथा तरंगत होता. दोघांनी त्याला ओढून वाळूवर आणलं. त्याचा श्वास चालू होता, पण डाव्या कानातून रक्ताची धार लागली होती.

तेवढ्यात एक होडी आली. तिच्यातले दोघे, एक जाड्या आणि एक उंच, मजेत मेलेले मासे गोळा करत होते.

"माझा नातू मेला असता रे, हरामखोरांनो!" आजोबा कंबरभर पाण्यात घुसले. जाड्याने वल्हं फिरवलं. खाडकन! आजोबांचं कपाळ फुटलं.

"गप बस, म्हाताऱ्या!" उंच माणसाने वात लावलेली बाटली दाखवली. "अजून तीन आहेत. पुढची तुझ्या गलबतावर!"

म्वानाइदीच्या मुठी वळल्या. दादाला दवाखान्यात न्यायचं, तर गलबत हवंच. ते आजोबांनी खोल पाण्यात नांगरलं होतं. आणि या शहाण्यांची होडी? थेट वाळूच्या पट्टीवर, उथळ पाण्यात! पाणी तर केव्हाच उतरू लागलं होतं.

तिने राग गिळला. "करिबू, काका! या, जेवायला बसा. नारळाच्या दुधातला भात झालाय. दारी आलेल्याला आम्ही उपाशी धाडत नाही."

"डोकं फिरलं का तुझं?" शोमारी किंचाळला.

"भात वाढ म्हटलं ना!" तिने डोळ्यांनीच पाण्याकडे खुणावलं. आजोबांनीही तिकडे पाहिलं आणि कपाळाचं रक्त पुसत मुकाट्याने चटई अंथरली.

शोमारी आता भलताच गोड झाला. "काका, चूल विझत आलीये. काडेपेटी देता?" ती त्याने मागच्या मागे समुद्रात बुडवली.

"अजून घ्या ना, काका!"

"पोरगी गुणाची आहे," जाड्याने ढेकर दिला.

तिसऱ्या वाढपानंतर उंच माणूस वळला आणि ओरडलाच. होडी कोरड्या वाळूवर आडवी पडली होती!

"कार्टे, मुद्दाम केलंस!" त्याने म्वानाइदीचे केस धरून तिला फरफटवलं. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली. शोमारीने उकळत्या कालवणाचं भांडं त्याच्या पायांवर ओतलं!

"काडेपेटी कुठंय?" जाड्या बाटली घेऊन धावला. तो निखाऱ्यांपाशी पोचण्याआधीच आजोबांनी चुलीवर पाण्याची बादली उपडी केली आणि त्याच्याच वल्ह्याने त्याच्या गुडघ्यावर हाणलं.

"आता पळा!"

हाफिदूला आपल्या हलक्या, छोट्या डोणीत घालून त्यांनी ती पाण्यात ओढली आणि ते गलबतावर पोचले. शीड फडफडलं, वाऱ्याने भरलं. मागे दोघे होडी ढकलत एकमेकांना शिव्या घालत होते.

भरती यायला सहा तास होते. पोलिसांना दोनच पुरले.

दवाखान्यात फौजदारांनी म्वानाइदीची पाठ थोपटली. टाके पडलेले आजोबा म्हणाले, "चाळीस वर्षं गलबत चालवतोय. आज मला नुसता राग दिसला. पाणी पाहिलं ते हिनं."

"काय म्हणाले?" हाफिदू मोठ्याने ओरडला. डाव्या कानाने त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.

म्वानाइदी उठली, त्याच्या उजवीकडे जाऊन बसली आणि तिने सगळं पुन्हा सांगितलं.