दोन सुतांचा फरक

दुपारची वेळ. दुकानात चिटपाखरू नव्हतं, आणि हा माणूस आत शिरून थेट छोट्या लॅपटॉपच्या टेबलाशी गेला. किंमत पाहिली नाही, झाकण उघडलं नाही. खिशातून शिंप्याची टेप काढली आणि लॅपटॉपची मापं घ्यायला लागला... नवरदेवाचा कोट शिवायचा असावा तशी.

भिंगरी काउंटरमागून उठली. भिंगरी हे तिचं घरातलं नाव. एका जागी स्वस्थ बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं, म्हणून आईनं ठेवलेलं. दुकानात तिचं काम होतं लॅपटॉप लोकांना उघडून दाखवणं आणि त्याचे गुण गाणं. मापं घेणारं गिऱ्हाईक मात्र तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

"काय हवंय आपल्याला?"

"लांबी, रुंदी आणि जाडी," तो मान वर न करता म्हणाला.

"ती सुटी मिळत नाहीत. लॅपटॉपबरोबरच घ्यावी लागतात."

आता त्यानं मान वर केली. हसू आधी डाव्या गालावर आलं, मग सावकाश उजवीकडे गेलं. "मी कव्हरं शिवतो," तो म्हणाला. "मागच्या गल्लीत मी आणि माझी ताई, दोघं मिळून कारखाना चालवतो. कारखाना म्हणजे... एक खोली आणि दोन मशिनी. याला अंगाबरोबर बसेल असं कव्हर करायचंय. सैल झालं तर ती पिशवी, घट्ट झालं तर शिक्षा."

"करा की हौसेनं," भिंगरी म्हणाली. मग तिला राहवेना. "पण याचं नवं मॉडेल येतंय."

"कधी?"

"तुमची कव्हरं शिवून होतील ना... साधारण तेव्हा."

तो तिथल्याच स्टुलावर बसला. टेप हातातून गळून लोंबायला लागली. तिला त्याची दया आली आणि हसूही आलं, आणि दोन्ही एकदम कसं काय येतं हे काही तिला कळलं नाही. आपल्या या गोष्टीतल्या गोंधळाची सुरुवात ती अशी झाली.

त्या छोट्या लॅपटॉपचं आयुष्यच मुळात तेवढं. नव्याची नवलाई नऊ दिवस असं जुनी माणसं नुसतं म्हणून गेली. या कंपन्यांनी त्याचं वेळापत्रक करून भिंतीवर लावलं असावं. एक मॉडेल पातळ म्हणून यायचं. ते तापतं म्हणून पुढचं जाड यायचं. त्यापुढच्याचे कोपरे गोल, त्यापुढच्याचे पुन्हा टोकदार. भिंगरी प्रत्येकाच्या प्रेमात पडायची, अगदी मनापासून. "याच्यासारखं दुसरं नाही," असं ती गिऱ्हाइकाला सांगायची तेव्हा तिला ते खरंच वाटत असायचं. आणि ऋतू पालटायच्या आत त्याच तोंडानं तिला म्हणावं लागायचं, "ते ना, ते आता जुनं झालं." हळूहळू तिचा स्वतःच्या आवडीवरचा विश्वासच उडाला होता. आपल्याला काही आवडलं म्हणजे ते फार दिवस टिकायचं नाही, अशी एक धास्ती मनात घर करून बसली होती.

दुकानाच्या मालकांनी कव्हरं काउंटरवर ठेवायला परवानगी दिली. "खपली तर खपली," एवढंच म्हणाले. कव्हरं खपायची. पण जरा कुठे खपायला लागली की नवं मॉडेल हजर, आणि उरलेली बाराच्या भावात. मग भिंगरी फोन करायची.

"आलंय."

"जाड झालंय की बारीक?"

"बारीक. पण कमरेत जरा सुटलंय."

"येतो," तो म्हणायचा. आणि खरंच यायचा, खोकी फोडून होत नाहीत तोवरच.

माप घ्यायची त्याची एक तऱ्हा होती. लांबी-रुंदी टेपनं. जाडी छोट्या पोलादी पट्टीनं, खालच्या रबरी पायांसकट. आणि कोपऱ्याची गोलाई कागदानं. लॅपटॉपच्या कोपऱ्यावर पातळ कागद ताणून धरायचा आणि कडेनं नख ओढत न्यायचं, म्हणजे कागदावर वळणाची घडी उमटते. कागद ताणून धरायला मात्र दुसरं कुणी लागतं. ते काम कधी आणि कसं भिंगरीकडे आलं, हे दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

"हलू नका," तो खाली वाकून म्हणायचा.

"मी नाही हललेय. तुमचं नख हललं."

"माझं नख हलत नाही. बारा वर्षं कात्री धरलीय."

"मग... लॅपटॉपच हलला असेल."

तो पुढच्या कोपऱ्याकडे वळायचा. त्याच्या केसांना मशिनच्या तेलाचा आणि नव्या कापडाचा वास यायचा. तिच्या बोटापासून त्याचं बोट कागदाएवढ्या अंतरावरून जायचं, आणि ती श्वास रोखून समोरच्या पंख्यांच्या जाहिरातीकडे बघत राहायची. त्या जाहिरातीतला मजकूर तिला तोंडपाठ झाला होता.

चार कोपऱ्यांची गोलाई सारखीच असते, एक घेतला की पुरे, हे तिला पुष्कळ पुढे कळलं. तो दर वेळी चारही घ्यायचा.

पण हे प्रेम होतं का? घरी कणीक मळता मळता भिंगरी स्वतःलाच विचारायची. तो मापासाठी येतो. त्याचा धंदाच आहे तो. आपण फोन करतो. ते आपलं कामच... तसं ते तिचं काम नव्हतं, पण त्याचा विचार नको. आवडतोय खरा. पण आवडलं तर मागचं मॉडेलही होतं ना? जांभळ्या झाकणाचं? आज त्याची आठवण तरी येते का? आणि मग कणकेत पाणी जास्त व्हायचं आणि आई म्हणायची, "अगं, लक्ष कुठाय तुझं? पोळ्या करायच्यात की खळ?"

एकदा त्यानं विचारलं, "तुम्हाला कंटाळा नाही येत? सारखं नवं, सारखं नवं..."

"मला जुन्याचं वाईट वाटतं," ती म्हणाली. "तुम्हाला?"

"मला तर नवं आलं की बरं वाटतं."

"एवढी कव्हरं वाया जातात तरी?"

"जातात खरी." त्यानं टेप गुंडाळायला घेतली, ती तीनदा सुटली. "पण फोन येतो ना."

एवढं बोलून तो गेलासुद्धा. फोन येतो म्हणजे धंद्याचा येतो, की तिचा येतो? भिंगरीनं तो प्रश्न चारी बाजूंनी उलटून पाहिला. त्या दिवशी तिनं एका आजोबांना लॅपटॉप समजून वजनकाटा दाखवला.

आणि मग ती खोकी आली.

"या वेळी सोपं आहे," मालक खोकं उघडत म्हणाले. "आतलं सगळं बदललंय, बाहेरचं तेच. सुताचाही फरक नाही. आता वर्षभर हाच साचा ठेवणार म्हणे कंपनी. तुझ्या त्या कव्हरवाल्याला सांग, सुटला बिचारा."

सुटला. त्याच्यासाठी ही आनंदाची बातमी होती. शिवलेलं सगळं खपणार, काही वाया जाणार नव्हतं. एका वाक्याचा फोन करायचा होता. 'माप तेच आहे.' बस. आणि मग वर्षभर त्याला यायला काहीच कारण उरणार नव्हतं. दर फोनला पळत येणारा माणूस, पण फोनच आला नाही तर? तो आपणहून आला नाही, तर तिला कळून चुकणार होतं की तो मापासाठीच येत होता. ते कळायला नको होतं तिला.

तिनं फोन लावला. "आलंय."

"जाड की बारीक?"

"ते... तुम्हीच बघा," ती म्हणाली, आणि तिचे कान तापले.

तो आला. टेप लावली. थांबला. पोलादी पट्टी लावली. पुन्हा थांबला आणि तिच्याकडे बघितलं. चोराच्या मनात चांदणं. भिंगरी जाहिरातीतले पंखे मोजायला लागली.

"बदललंय ना या वेळी?" त्यानं विचारलं.

"हो... म्हणजे... थोडंसं."

त्यानं पुन्हा टेप लावली. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला, टेपेकडे नाही. मग सावकाश म्हणाला, "हो. बदललंय. दोन सुतांचा फरक आहे." चारही कोपरे घेतले, कागद खिशात ठेवला आणि दाराशी जाऊन म्हणाला, "जातो. कापायला घ्यायचंय."

भिंगरी जागच्या जागी उभी राहिली. ज्या माणसाचं नख हलत नाही, त्याची टेप दोन सूत चुकली? की मालकच चुकले? तासाभरानं गिऱ्हाइकं पांगली तेव्हा तिनं काउंटरवरचं जुनं कव्हर उचललं आणि नवा लॅपटॉप त्यात सरकवला. अलगद आत गेला, एक सुरकुती पडली नाही.

मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि तो उजेड अगदी चुकीच्या जागी पडला. आपण थोडं बदललंय म्हटलं, आणि या भल्या माणसानं आपल्या शब्दावर विश्वास ठेवून स्वतःची टेप खोटी ठरवली. आता तो दोन सूत चुकीचं कापणार. कापड एकदा कापलं की कापलं, हे त्यानंच सांगितलं होतं. चार दिवस त्यानं यावं म्हणून आपण त्याचं अख्खं काम बुडवतोय... तिनं फोन लावला. वाजत राहिला. मशीन चालू असताना त्याला ऐकू येत नसे.

"मालक, मी आलेच," ती म्हणाली आणि मालकांनी 'कुठे' विचारायच्या आत रस्त्यावर होती.

मागच्या गल्लीत ती पहिल्यांदाच आली होती. बाहेर भुरभुर सुरू होती, ओढणी डोक्यावर घ्यायचंही तिला सुचलं नाही. दार उघडं होतं. खोलीभर फोमचे गठ्ठे आणि रंगीत कापडाच्या चिंध्या होत्या. एका मशिनीवर त्याची ताई बसली होती, आणि तो मधल्या टेबलावर कापड पसरून, हातात मोठी कात्री घेऊन उभा होता.

"कापू नका," भिंगरी दारातूनच म्हणाली. धाप लागली होती. "खोटं बोलले मी. काही बदललेलं नाही. माप तेच आहे, वर्षभर तेच राहणार आहे. मला माहीत होतं आणि तरी मी... तुम्ही ते कापड कापू नका, एवढंच."

ताईनं पायडलवरचा पाय काढला. खोली एकदम शांत झाली.

"हे कापड?" ताई म्हणाली. "ही तर बाजाराच्या पिशव्यांची ऑर्डर आहे गं. लॅपटॉपचं माप तेच आहे हे यानं मगाशीच सांगितलं. आल्या आल्या."

भिंगरीनं त्याच्याकडे पाहिलं. तो कात्रीकडे बघत होता.

"पण तुम्ही तर म्हणालात... दोन सूत."

"म्हणालो."

"का?"

"तुम्ही म्हणालात बदललंय. आता... तुम्ही माझी नजर चुकवून त्या पंख्यांकडे बघत होतात. तेव्हा वाटलं, कदाचित... पण खात्री नव्हती." त्यानं कात्री खाली ठेवली. "तेच आहे म्हटलं असतं, तर पुन्हा कधी आणि कोणत्या तोंडानं येणार होतो? दोन सूत म्हटलं की उद्या परत येऊन म्हणता आलं असतं, चुकलं बहुतेक, पुन्हा बघू."

"आणि परवा?"

"परवाचं अजून सुचलं नव्हतं."

"आल्यापासून तेच चाललंय याचं," ताई म्हणाली. "एक पिशवी उलटी शिवलीय."

भिंगरीला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. पुन्हा दोन्ही एकदम. "मला काही कळत नाही," ती म्हणाली. "मला सगळंच आवडतं आणि सगळंच चार दिवसांत जुनं होतं. तुमचंही तसंच होईल म्हणून वाट बघत होते मी. मॉडेलं येत गेली, जात गेली... तुमचं काही होईना. मला ते आवडायला लागलंय की काय, म्हणजे... तुम्ही आवडता मला. सांगून टाकते."

तो टेबलाला वळसा घालून आला. दोघांच्या मध्ये आता काहीच नव्हतं, लॅपटॉप नव्हता की कागद नव्हता, आणि हातांचं काय करायचं ते दोघांनाही कळेना. शेवटी त्यानं तिच्या खांद्यावरचे पावसाचे थेंब नुसतेच बोटांनी टिपले.

"मलाही," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. त्या पहिल्या लॅपटॉपचं कव्हर मी कधी शिवलंच नाही, नवं कधी येतंय याचीच वाट बघत बसलो."

ताईनं मान वळवली आणि मशीन सुरू केली, मोठ्यानं.

"आता तर वर्षभर माप घ्यायचं नाही," भिंगरी म्हणाली. "मग येण्याचं काय?"

"येईन. उद्या, दुकान सुटायच्या वेळी."

"मालकांनी विचारलं, कशाला आलास, तर?"

त्यानं विचार केला. इतके दिवस दर खेपेला त्याच्याजवळ एक कारण असायचं, टेपेसारखं खिशात गुंडाळून ठेवलेलं. आज खिसा रिकामा होता.

"सांगेन," तो म्हणाला, "हिला भेटायला."